चौथीचा वर्ग आणि होल्डरशिवायचा बल्ब

आमच्या शाळेच्या कपाटात विजेचं एक तयार किट आहे. देणगीत आलेलं, दिसायला देखणं. पिवळ्या पाटावर सेलचा खण, शेजारी होल्डरमध्ये बसवलेला बल्ब, एक लाल बटण आणि टोकांना चिमटे लावलेल्या वायरी. चिमटे जोडा, बटण दाबा, बल्ब लागतो. मुलं टाळ्या वाजवतात. "का लागला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बटण दाबलं म्हणून." आता एवढं तर त्यांना बालवाडीत यायच्या आधीपासून ठाऊक असतं.

मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर विजेचा भाग घ्यायचा ठरवला तेव्हा पहिला निर्णय घेतला तो हा, की किट कपाटातच राहू द्यायचं. मुलांच्या हातात तीनच वस्तू द्यायच्या. एक सेल, एक बल्ब, एक वायर. ना होल्डर, ना चिमटे, ना बटण. "बल्ब लावून दाखवा," म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हे आम्हा शिक्षकांना सगळ्यात जड जातं, ती गोष्ट वेगळी.

सामान आणायला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेले. मंडईच्या मेट्रो स्टेशनवर उतरायचं आणि चालत जायचं. तिथे गाडी घेऊन जाणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. सेल आणि वायर लगेच मिळाली. बल्बसाठी मात्र गल्ली पालथी घालावी लागली. पूर्वी हातातल्या बॅटरीत असायचा तो अडीच व्होल्टचा, आटेवाला, छोटा काचेचा बल्ब मला हवा होता. जिथे जावं तिथे एकच उत्तर, "मॅडम, आता ते कोण घेतं? एलईडी न्या, स्वस्त पडेल."

एलईडी मला सुरुवातीला नकोच होता. त्याला एक सेल पुरत नाही. साध्या लाल एलईडीलाही दोनेक व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास, आणि सेल देतो दीड. शिवाय तो एकाच बाजूने लागतो. लांब पाय धन टोकाकडे नसला तर ढिम्म. आणि मुख्य म्हणजे त्याच्या आत डोकावून काही कळत नाही. काचेच्या बल्बात तार दिसते, तार कुठून कुठे गेली आहे ते दिसतं. शेवटी एका दुकानातल्या काकांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा धुळीने माखलेला डबा खाली काढला आणि म्हणाले, "सगळाच घेऊन जा, परत येऊ नका."

सेल मुद्दाम साधे, स्वस्तातले घेतले. अल्कलाइन जास्त टिकतात हे खरं, पण त्यांची दोन टोकं वायरने थेट जोडली गेली तर प्रवाह फार मोठा वाहतो आणि चटका बसेल इतके ते तापू शकतात. चौथीच्या वर्गात टोकं थेट जोडली जाणारच. ती जोडू नका असं सांगून काही उपयोग नसतो. साधा झिंक-कार्बन सेल त्या मानाने सौम्य. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी तर आणायचीच नाही, तिच्यावर हा बल्ब लावताक्षणीच उडतो.

वस्तू वाटण्याआधी कोरे कागद वाटले. "सेल आणि बल्ब तुम्हाला मिळाले तर बल्ब कसा लावाल त्याचं चित्र काढा." बहुतेकांच्या चित्रात एकच वायर होती, सेलच्या वरच्या टोकापासून निघून बल्बच्या बुडाशी संपलेली. सेलचं खालचं टोक मोकळं. काहींनी दोन वायरी काढल्या होत्या, पण दोन्ही बल्बच्या बुडालाच टेकवलेल्या. एका पठ्ठ्याने वायरच काढली नव्हती, सेल आणि बल्बच्या मध्ये नुसत्या वाकड्या रेघा. विचारलं तर म्हणाला, "वायफाय आहे बाई."

ही चित्रं वर्गाने काढली म्हणून मी चकित झाले असं नाही. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या मनातल्या विजेचा अभ्यास केला होता, तो मला माहीत होता. एका तारेने वीज बल्बात जाते आणि तिथे संपते, असं काही मुलं मानतात. काहींना वाटतं, सेलच्या दोन्ही टोकांकडून वीज येते आणि बल्बात एकमेकींवर आपटते. काहींच्या मते बल्ब थोडी वीज खातो आणि उरलेली परत जाते. तिकडे इंग्रजी बोलणारी मुलं जे सांगत होती तेच माझ्या वर्गाने न बोलता कागदावर काढलं होतं. आणि त्यात त्यांचं चुकतं तरी काय? घरी मिक्सरला एकच वायर, टीव्हीला एकच, चार्जरला एकच. डोळ्यांनी पाहिलं ते त्यांनी काढलं.

मग वस्तू वाटल्या, जोडीजोडीला मिळून एक संच. सुरुवातीला नुसता गोंगाट. कोणी बल्ब सेलच्या डोक्यावर उभा करून वाट बघतंय, कोणी वायर काचेला टेकवतंय, कोणी सोललेली टोकं सोडून मधलं प्लॅस्टिक बल्बाभोवती गुंडाळतंय. थोड्या वेळात तक्रारी सुरू. "बाई, आमचा बल्ब खराबे." "आमचा सेल संपलेला दिलाय तुम्ही." यासाठी एक तजवीज करून ठेवावी लागते. माझ्या टेबलावर पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक चालू जोडणी होती. संशयित बल्ब माझ्याकडे आणायचा, मी आडोशामागे तपासायचा आणि निकाल द्यायचा, "चांगला आहे, जा." हे केलं नसतं तर अर्धा वर्ग नवा सेल मागत माझ्याभोवती उभा राहिला असता.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसते, वर्गात फारसं बोलत नाही. तिने बल्बचं बूड सेलच्या टोकावर ठेवलं होतं. वायरचं एक टोक सेलच्या तळाशी करंगळीने दाबून धरलं होतं आणि दुसरं टोक ती बल्बच्या अंगावरून हळूहळू वरखाली फिरवत होती. काचेवर काही नाही. काचेच्या खाली पत्र्यावर आलं, आट्यांना लागलं, आणि बल्बच्या पोटात नारिंगी रेघ उमटून विझली. तिने हात मागे नेला, परत तिथेच आणला. पुन्हा उमटली. दीड व्होल्टच्या सेलवर अडीच व्होल्टचा बल्ब मिणमिणताच लागतो, त्यात खिडकीतून ऊन आत आलेलं. शेजारणीला काही दिसेना. मग दोघी सगळं घेऊन बाकाखाली गेल्या. खालून आवाज आला, "लागलाय! आईशप्पथ लागलाय!"

पाहता पाहता अख्खा वर्ग बाकांखाली. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. रिकामे बाक पाहून त्यांनी मला विचारलं, "मैदानावर सोडलीत का?"

एकाला जमलं की शेजारचा बघून करतो, त्याला माझी ना नाही. पण मग पुढचा प्रश्न टाकायचा, "याच तीन वस्तूंनी अजून किती तऱ्हांनी लावता येतो?" तऱ्हा चार आहेत. बल्बचं बूड सेलला आणि वायर आट्यांना, किंवा आटे सेलला आणि वायर बुडाला. आणि सेल उलटा करून पुन्हा हेच दोन. सेल उलटा केला तरी बल्ब लागतो याचं मुलांना फार नवल वाटलं, कारण रिमोटमध्ये सेल उलटा बसला की काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे.

उडालेला एक बल्ब मी घरी जाड फडक्यात गुंडाळून, काच फोडून, कडा साफ करून आणला होता. भिंगातून एकेकाला दाखवला. आत दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये केसाहून बारीक तार. ती टंगस्टनची, ३४०० अंश सेल्सियसच्या वर जाईपर्यंत न वितळणारी. हा आकडा मुलांना फार आवडतो, मग तो कोणालाही ऐकवतात. पण मला दाखवायचं होतं ते खाली. एका खुंटीची तार जाते बुडाच्या टिकलीला, दुसरीची जाते आट्यांच्या पत्र्याला, आणि टिकली व पत्रा यांच्यामध्ये काळी चकती असते जी वीज जाऊ देत नाही. म्हणजे बल्बलाही दोन टोकं आहेत. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. होल्डरही हेच करतो, एक पट्टी बुडाला, एक कड आट्यांना. पण ते सगळं पोटात घालून वर गुळगुळीत प्लॅस्टिक. विजेच्या पहिल्या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होल्डर झाकून टाकतो, आणि आपण त्यालाच सोय म्हणतो.

मधल्या सुट्टीत हेच तीन जिन्नस मी स्टाफरूममध्ये ठेवले. नावं घेत नाही. दोघांचा चहा गार झाला एवढंच सांगते.

राहिला मिक्सरच्या एकाच वायरीचा प्रश्न. वर्गातल्या एका मुलाचे वडील वायरमन आहेत. त्यांनी बिघडलेल्या इस्त्रीची कापलेली वायर पाठवून दिली. वरचं आवरण चिरलं तर आतून तीन निघाल्या, लाल, काळी आणि हिरवी. मुलगा ऐटीत म्हणाला, "फेज, न्यूट्रल, अर्थिंग." वर्गात त्या दिवसापुरता तोच सर. एका वायरीच्या पोटात जायची आणि यायची अशा दोन असतात आणि तिसरी सुरक्षेसाठी, इतकंच मी त्यात घातलं.

इथेच घरच्या विजेची ताकीद दिली, आणि ती पुन्हा पुन्हा देत राहिले. सेल दीड व्होल्टचा. घरातल्या बोर्डात २३० व्होल्ट. वर्गात जे केलं त्यातलं काहीही बोर्डाच्या भोकांशी करायचं नाही, वायर नाही, सळई नाही, बोट नाही. एवढं सांगूनही एक जण दुसऱ्या दिवशी जुन्या मोबाइलची बॅटरी खिशात घालून आला, "ही जास्त पॉवरची आहे बाई." ती मी ताबडतोब काढून घेतली. लिथियमच्या बॅटरीची टोकं जोडली गेली, ती दबली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते. पालकांना फोन करून सांगितलं. या बाबतीत मी हसतखेळत वगैरे काही ठेवत नाही.

सेल तापण्याचा अनुभव मात्र प्रत्येकाने घेतला. वायर टोकाशी टोक जोडून थोडा वेळ धरली की बोटांना ऊब लागते. "बाई, शॉर्ट झालं!" हा शब्द त्यांना घरून माहीत असतो, कारण शॉर्ट झालं की लाइट जाते. बल्ब वाटेत नसला की प्रवाह मोकाट सुटतो आणि सेल लवकर संपतो, हे त्यांनी बोटांनी शिकून घेतलं.

मग स्विच. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर दोन ड्रॉइंग पिना आणि एक यू-पिन, झाला स्विच. सेल धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचे कापलेले पट्टे. ते पंक्चरवाला फुकट देतो. टाकाऊ वस्तूंची ही शिस्त पुण्यातल्या शिक्षकांना नवी नाही. आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं अशीच खेळणी बनवून दाखवली, आणि ती पाहिलेले शिक्षक आजही काडेपेटी फेकताना दोनदा विचार करतात.

वाटेत एक फट ठेवून तिथे वस्तू लावून बघायचा तास सगळ्यांत दंग्याचा झाला. पाच रुपयांचं नाणं, चमचा, खडू, खोडरबर यांत काही विशेष नाही, त्यांचे अंदाज बरोबर येतात. गंमत आली ती फसवणाऱ्या वस्तूंत. चिवड्याच्या पाकिटाची आतली चकचकीत बाजू चांदीसारखी दिसते, बल्ब लागत नाही. धातूच्या पातळ थरावर प्लॅस्टिक असतं. लाल रंगाची केसांची पिन लावली, नाही लागला. तीच भिंतीवर घासून रंग खरवडला, लागला. दोन्हीकडून टोक काढलेल्या पेन्सिलच्या शिशाने दोन सेलवर मंद उजेड दिला, तोही पेन्सिल बोटभर उरलेली होती म्हणून. मग एकीची नजर माझ्या मंगळसूत्राकडे गेली. वाटीवर लागला, काळ्या मण्यावर नाही. त्यानंतर मुलींच्या कानातलं, पैंजण, कडी, सगळ्यांची तपासणी झाली आणि कोणाचं खरं कोणाचं खोटं यावरून भांडणाला तोंड फुटणार, एवढ्यात घंटा झाली. खोट्या दागिन्यातही धातूच असतो, दोन्ही लागतात, हे सांगून मी निभावून नेलं.

लिंबाची बॅटरी करू या, असं दोन पालकांनी सुचवलं. व्हिडिओत छान दिसते. पण एका लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून एक व्होल्टही पुरता मिळत नाही आणि प्रवाह इतका क्षीण असतो की आमचा बल्ब त्यावर कधीच लागणार नाही. लिंबाचं सरबत केलेलं बरं.

आता खरा अवघड भाग. दोन बल्ब एकामागोमाग एकाच वाटेवर जोडायचे. जोडण्याआधी विचारलं, "कुठला जास्त लागेल?" जवळजवळ सगळे हात सेलच्या धन टोकाजवळच्या बल्बसाठी. कारणही तयार, "पहिला पोटभर खातो, दुसऱ्याला उरेल तेवढं." मुलांनी जोडून पाहिलं, आणि काही जोड्यांमध्ये खरोखरच पहिला जास्त उजळ लागला!

पुस्तकात असं होत नाही. पुस्तकात दोन बल्ब सारखेच असतात. तापकीर गल्लीतल्या जुन्या डब्यातले सारखे नसतात. एकाची तार जरा बारीक, एकाची जरा लांब. ज्यांचा पहिला उजळ होता ते जिंकल्याच्या थाटात, ज्यांचा दुसरा उजळ होता ते बुचकळ्यात. मी फळ्यावर एवढंच लिहिलं, "जागेमुळे की बल्बमुळे? कसं ठरवायचं?" बराच वेळ कोणी बोलेना. मग मागून वायरमनचाच मुलगा, "बल्बांची अदलाबदल करायची." केली. उजेड बल्बाबरोबर जागा बदलून गेला. ज्या जोडीत पहिला उजळ होता तिथे आता दुसरा उजळ. कोणीतरी सेलच उलटा करून पाहिला, बल्ब तिथेच ठेवून, फरक नाही. घरी मी डब्यातून अगदी सारख्या उजेडाच्या काही जोड्या वेगळ्या काढल्या होत्या, त्या शेवटी दिल्या. दोन्ही सारखे लागले. ज्यांना हा तास घ्यायचा आहे त्यांनी बल्ब आधी जुळवून ठेवावेत, पण एकदोन बेजोड जोड्या मुद्दाम मिसळाव्यात. ती अदलाबदल मुलांना सुचण्यात जे आहे ते सारख्या बल्बांत नाही.

तरी "मग बल्ब खातो काय?" हा प्रश्न उरतोच. त्यासाठी रस्सीखेचीची दोरी आणली, टोकांना गाठ मारून मोठा फेरा केला आणि वर्ग गोलात उभा केला. सगळ्यांनी दोरी सैल मुठीत धरायची. एक जण सेल, तो दोरी ओढून पुढे सोडत राहणार. समोरचा एक जण बल्ब, त्याने मूठ घट्ट आवळायची. फेरा फिरायला लागला तसा बल्ब झालेला मुलगा ओरडला, "हात भाजतोय!" दोरी कुठे कमी झाली का? नाही. तेवढीच गेली, तेवढीच आली. मग तापलं काय? हात. आणि दमलं कोण? सेल झालेला मुलगा घामाघूम होऊन उभा होताच. दोरी ओढली की सगळ्यांच्या मुठीतली एकदमच हलते, म्हणून बटण दाबलं की बल्ब लगेच लागतो, हेही त्यातूनच निघालं. प्रत्यक्ष तारेतले इलेक्ट्रॉन सेकंदाला एक मिलिमीटरही पुढे सरकत नाहीत, पण इलेक्ट्रॉन, व्होल्टची व्याख्या, अँपिअर यातलं काहीही मी चौथीत काढलं नाही. काढायची गरज पडली नाही.

दोन बल्बांना दोन वेगळ्या वाटा दिल्यावर एक काढला तरी दुसरा लागलेला राहतो, हे पटकन झालं. स्वयंपाकघरातला दिवा बंद केला म्हणून बाहेरच्या खोलीतला पंखा थांबत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

२८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांना रामन परिणामाचा शोध लागला, आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. आमच्या वर्गाने किल्ल्यांचा फळा केला. चौथीला शिवरायांचा इतिहास असतो, त्यामुळे किल्ले सगळ्यांना तोंडपाठ. पुठ्ठ्याच्या डावीकडे शिवनेरी, रायगड, प्रतापगड, सिंहगड. उजवीकडे उलटसुलट क्रमाने हवेली, महाड, जुन्नर, महाबळेश्वर हे तालुके. मागच्या बाजूने बरोबर जोडीला अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी, आणि पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे मध्ये चिकटपट्टी. दोन वायरींची टोकं बरोबर जोडीला लावली की दिवा लागतो. इथे मात्र दोन सेलवर लाल एलईडी वापरला, लांबून नीट दिसावा म्हणून.

पाहुणे यायला लागले आणि थोड्या वेळाने एक मुलगी धावत आली, "बाई, रायगड हवेलीत गेला!" रायगडला हवेली लावली तरी दिवा लागत होता आणि सिंहगडाला महाड लावलं तरीही. मी उठणार, तोवर त्यांनी फळा उलटा करून जमिनीवर ठेवला होता. एकाने रायगडाची पट्टी उचलून धरली, दुसऱ्याने सिंहगड तपासला. उचलली की बरोबर, सोडली की चूक. म्हणजे या दोघींचंच कुठेतरी लागतंय. ओलांडणीवरच्या चिकटपट्टीची कड सुटून वर आली होती. नवी लावली, वर आणखी एक लावली आणि फळा पुन्हा उभा. समोर थांबलेल्या आजोबांना एकाने समजावलं, "शॉर्ट होतं आजोबा, काढलं."

मार्चमधल्या पालकसभेत तक्रार एकच, घराघरांतले रिमोट चालेनासे झालेत. सेल शाळेतून मिळतील, घरचे काढायचे नाहीत, असं मी मुलांना पालकांसमोरच बजावलं. संपलेल्या सेलसाठी वर्गात दाराशी एक बरणी ठेवली आहे, ते कचऱ्याच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून. पालकांनीही घरचे आणून टाकायला हरकत नाही.